शब्द आल्याशिवाय

जयवंत वस्तादांच्या डोळ्यांची चिंता लालबागमध्ये इतक्या लोकांनी केली, की त्यातल्या निम्म्यांनी जरी त्यांच्या कानांची केली असती तरी अंबिकेवर ती वेळ आली नसती. मोतीबिंदू गणपतीच्या आधीच काढून झाला होता. मुलगा निलेश रजा टाकून हॉस्पिटलात बसला होता. डॉक्टरांनी भिंतीवरची बारीक अक्षरं वाचून घेतली आणि निलेशने लगोलग तालमीच्या ग्रुपवर टाकलं, 'बाबांची नजर एकदम क्लिअर. दसऱ्याला लिंबू कापणार म्हणजे कापणार!' खाली अंगठ्यांची रांग लागली. आता गंमत बघा. दसऱ्याला वस्ताद लिंबू कापतात ते डोळ्यांवर काळं फडकं बांधून. त्या माणसाची नजर क्लिअर असली काय नि नसली काय! पण एवढा साधा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. अंबिकेच्याही आला नाही, आणि हे तिला नंतर फार लागलं.

चिंचपोकळीच्या पुलाकडून आत वळलं की एका चाळीच्या तळमजल्यावर भैरव तालीम आहे. एके काळी पाळी सुटली की गिरणीतले गडी घरी न जाता आधी तिथे यायचे. जयवंतही त्यातलाच, माग खात्यातला. पुढे गिरण्या गेल्या, गडी पांगले, कोणी गावाला गेला, कोणी नालासोपाऱ्याला. तालीम तेवढी राहिली, कारण वस्ताद तिथून हलले नाहीत. लाठी, भाला, ढाल-तलवार, सगळं ते शिकवायचे, पण परळपासून भायखळ्यापर्यंत नाव होतं ते त्यांच्या पट्ट्याचं. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यातून निघालेलं लांब, लवलवतं पातं. मनगट मुठीत जखडलेलं असतं, त्यामुळे सगळं काम खांद्याचं आणि कमरेचं. चुकलं तर सावरायला जागाच नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी मैदानात एक शिष्य चटईवर उताणा झोपतो. त्याच्या गळ्याच्या खळगीत लिंबू ठेवतात. डोळे बांधलेले वस्ताद पट्टा फिरवत जवळ येतात, पातं वर धरून थांबतात. मग झोपलेल्याने म्हणायचं, "चालवा, वस्ताद." मोठ्याने म्हणताच येत नाही, लिंबू घरंगळतं. त्या दबक्या आवाजावरून तोंड कुठे, गळा कुठे हे वस्ताद हेरतात आणि पातं खाली येतं. लिंबाच्या दोन फोडी होतात, कातडीवर ओरखडा नाही. या बोलण्याला तालमीत नुसतं 'शब्द' म्हणत. शब्द आल्याशिवाय पातं खाली यायचं नाही, हा तालमीचा पहिला कायदा, वस्तादांच्याही वस्तादांनी घालून दिलेला. "हत्यार माझ्या हातात, पण हुकूम झोपलेल्याचा," असं ते नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगत. "ज्याच्या हातात हत्यार, त्याने तोंड बंद ठेवायचं नि ऐकायचं."

अंबिका फ्रॉक घालायची तेव्हापासून तालमीत होती. वडिलांचं बोट धरून आली आणि वडील गेल्यावरही येत राहिली. कॉलेजात असताना पहिल्यांदा लिंबाखाली झोपली. पुढे फोर्टातल्या विमा कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, श्रेया झाली, त्या एका वर्षाचा खंड सोडला तर दसऱ्याला वस्तादांसमोर तीच झोपायची. आणि यंदा वस्तादांनी जाहीर केलं होतं, की या दसऱ्यानंतर आपण पट्टा खाली ठेवणार आणि तालमीची गादी अंबिकेला देणार. चार म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. बाईच्या हाताखाली पोरं काय शिकणार, असं कट्ट्यावर बोलून झालं. वस्तादांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, असं सगळ्यांना वाटलं. खरं तर त्यांना ऐकूच आलं नसावं.

खंडेनवमीला तालमीत हत्यारांची पूजा झाली आणि मग सरावाला सगळे बसले. लाकडी पाटावर लिंबू ठेवलं होतं. शब्द द्यायला अंबिका पाटाशेजारी गुडघे टेकून बसली होती. वस्ताद डोळे बांधून आले, दोन गिरक्या झाल्या, पातं वर थांबलं. अंबिकेने शब्द द्यायला तोंड उघडलं. सपकन आवाज झाला, पाटाचा कोपरा उडून भिंतीवर आपटला आणि लिंबू धडधाकट गडगडत दारापर्यंत गेलं.

निलेशनेच सांभाळून घेतलं. "नवीन लेन्स आहे रे. सेट व्हायला टाइम लागतो."

"अरे निलेश, डोळे बांधलेत त्यांचे!" अंबिका म्हणाली, आणि एकच हशा पिकला. वस्तादांनी फडकं कपाळावर सरकवलं, हसणाऱ्यांचे चेहरे पाहिले आणि मग तेही हसले. सगळ्यांच्या मागून हसले. अंबिकेचं हसू तिथल्या तिथे आटलं.

ती उठली आणि चहाचं निमित्त करून त्यांच्या डाव्या बाजूला, जरा मागे जाऊन उभी राहिली. "वस्ताद, चहा ठेवू?" काही नाही. जरा मोठ्याने विचारलं. वस्ताद पात्याला तेल लावत राहिले. ती उजवीकडे गेली आणि तेच विचारलं. वस्ताद दचकून आधी दाराकडे वळले, मग समोर, आणि मग तिच्याकडे. "ठेव की. विचारतेस काय?"

गेले कित्येक महिने वस्ताद भिंतीला डावा खांदा लावून का बसतात, फोन नेहमी उजव्याच कानाला का लावतात, पोरांना "काय पुटपुटतोस, घसा नाही काय तुला?" म्हणून का खेकसतात, सगळ्याचा एकदम उलगडा झाला. माग खात्याच्या खडखडाटात निम्मं आयुष्य काढलेला माणूस. डावा कान पार गेलेला आणि उजवाही जेमतेम. ऑफिसातल्या एका साहेबांचा एक कान असाच गेला होता. हाक मारली की ते तीन दिशांना बघायचे. आवाज यायचा, पण कुठून आला ते कळायचं नाही. आणि उद्या याच माणसाने नुसत्या आवाजावरून तिचा गळा कुठे संपतो आणि लिंबू कुठे सुरू होतं ते ओळखायचं होतं.

पोरं पांगल्यावर ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली. "वस्ताद, रागावू नका. कानाचं एकदा दाखवून घेऊ या. तोवर उद्याचं राहू दे."

म्हाताऱ्याचा चेहरा तांबडा झाला. "कानाला काय झालंय माझ्या?"

"मघाशी मी डावीकडून..."

"भीती वाटता तुका?" रागावले की वस्ताद सरळ मालवणीवर यायचे. "तसा सांग. झोपणारे काय कमी नाहीत माझ्याकडे."

आणि झोपणारी होतीच. दारात बसून लाठीला फडकं गुंडाळत असलेल्या श्रेयाने मान वर केली. बारावीतली पोरगी, अंगात नुसती रग. "आईला नको असेल तर मी झोपते ना, वस्ताद! मला कधीपासून झोपायचंय." वस्तादांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि अंबिकेला कळलं की आपण मागे हटलो तर चटईवर कोण असणार.

"कोणी नको," ती म्हणाली. "मीच झोपणार."

निलेशला तिने पुलाखाली गाठलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी म्हणाला, "डॉक्टरने तर सगळं ओके सांगितलं." मग खरं ते बोलला. "अंबिका, उद्या अख्खा लालबाग येणार. बाबांचं शेवटचं लिंबू म्हणून लोक मुद्दाम येतायत. आणि आदल्या दिवशी तू म्हणणार, बाबा बहिरे? तू? जी परवा गादीवर बसणार? लोक काय बोलतील, विचार केलास?"

विचार तिने केलाच होता. गादीसाठी म्हाताऱ्याला बहिरा ठरवला, असं कट्ट्यावरचे बोलणार, आणि वस्तादांना मरेपर्यंत ते चिकटणार. ज्या माणसाने आपल्याला उभं राहायला शिकवलं, त्याला भर मैदानात खाली पाडायचं कसं?

उपाय सुचला तो दसऱ्याच्या सकाळी, झेंडूचं तोरण ओवताना. कायदा होताच की! शब्द आल्याशिवाय पातं खाली यायचं नाही. मग शब्द द्यायचाच नाही. गपचूप पडून राहायचं. वस्ताद थोडा वेळ थांबतील, पट्टा खाली घेतील, आणि आपण उठून सांगायचं, माफ करा, ऐन वेळी माझी हिंमत झाली नाही. नाचक्की होईल ती आपली. गादी गेली तर गेली. कट्ट्यावरचे महिनाभर चघळतील आणि विसरतील. वस्तादांचं नाव मात्र राहील. तिला एवढं हलकं वाटलं, की तोरण बांधताना ती गुणगुणायला लागली. श्रेयाने विचारलं देखील, "आई, भीती नाही वाटत?" अंबिका म्हणाली, "कसली भीती?"

संध्याकाळी मैदान फुलून गेलं होतं. आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून माणसं ओणवी झाली होती, पोरं कुंपणावर चढली होती. लाठ्या झाल्या, ढाल-तलवार झाली, श्रेयाने भाला फिरवला त्याला शिट्ट्या पडल्या. मग निलेशने माइकवर वस्तादांचं नाव घेतलं आणि हलगी कडाडायला लागली.

अंबिका चटईवर झोपली. लिंबू गळ्यावर ठेवलं ते श्रेयाने. गार, जडसर. वस्ताद मैदानाच्या त्या टोकाला उभे होते, भगवा फेटा, डोळ्यांवर काळं फडकं. पट्टा फिरायला लागला आणि लोकांचे श्वास अडकले. म्हातारपण गेलं कुठे कोण जाणे! पातं दिसतच नव्हतं, नुसता झपझप वारा आणि मध्येच दिव्यांची चमक. एक गिरकी, दुसरी, गुडघा टेकून तिसरी. निलेशने दोन्ही खांदे धरून त्यांना चटईशी आणून उभं केलं आणि बाजूला झाला. हलगी थांबली. पातं वर गेलं आणि थांबलं.

आणि त्या शांततेत अंबिकेला कालचा पाट आठवला.

काल आपण तोंड उघडलं होतं. पण शब्द दिला होता का? तिने आठवून पाहिलं. जीभ टाळ्याला लागली होती. 'चालवा'मधला 'चा' अजून ओठांवर यायचा होता. शब्द निघालाच नव्हता! त्याच्या आधी कोपरा उडाला होता. म्हणजे वस्तादांनी काल शब्द ऐकून वार केलाच नाही. एवढ्या वर्षांच्या सवयीने, पातं वर गेल्यावर किती वेळाने शब्द येतो ते त्यांच्या अंगात भिनलं होतं, आणि त्या अंदाजाने त्यांनी हात सोडला होता.

कसा आपला शहाणपणा! न बोलल्याने वाचायला समोरच्याला न बोललेलं कळायला तर हवं. ज्याला ऐकू येतं तो शब्द आला नाही म्हणून थांबेल. ज्याला येत नाही त्याला वाटेल, शब्द आला, आपल्यालाच ऐकू गेला नाही. सकाळपासून ज्या कायद्याच्या भरवशावर ती गुणगुणत होती, तो कायदा या माणसासमोर कामाचाच नव्हता.

ओरडावं? ओरडलं तर त्यांच्या उजव्या कानात काहीतरी पोचणार, आणि जे पोचेल त्याला ते शब्दच समजणार. अंग चोरून बाजूला व्हावं? पातं तिच्या उजव्या अंगाला होतं की डाव्या, वस्ताद गळ्याच्या रोखाने उभे होते की तोंडाच्या, हे खालून कळत नव्हतं. जिथे सरकेल तिथेच पातं आलं तर? गर्दीतून श्रेया बघत होती. अंबिकेने श्वास रोखला. लिंबू हलू नये म्हणून की भीतीने, तिलाही सांगता आलं नसतं.

वस्तादांनी मान जराशी उजवीकडे कलती केली. मग डावीकडे. फडक्याखाली त्यांचा जबडा आवळला गेला. गर्दीत कोणाचं तरी लहान मूल किंचाळलं आणि कोणीतरी त्याचं तोंड दाबलं. पात्याचं टोक थरथरलं. मग पातं निघालं. वीतभर खाली आलं.

आणि थांबलं.

अंबिकेच्या डोळ्यांसमोर पात्याची धार होती, एका रेघेएवढी, आणि तिच्यामागे म्हाताऱ्याचा ताणलेला दंड. दंड हळूहळू सैल झाला. पातं वर गेलं, बाजूला गेलं, आणि टोक जमिनीला टेकलं. वस्तादांनी डाव्या हाताने फडकं ओढून काढलं.

निलेश हुशार माणूस. क्षणात माइक तोंडाशी. "बघितलंत? शब्द आला नाही, म्हणून वस्तादांनी पातं रोखलं! ही आमच्या भैरव तालमीची शिस्त!" मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. गॅलऱ्यांतून शिट्ट्या, हलगीवाल्याने पुन्हा ठेका धरला. अंबिकेने लिंबू हातात घेतलं आणि उठून बसली. सुटलो! ठरवलं होतं त्याहून चांगलं झालं होतं. वस्तादांचं नाव राहिलं होतं, उलट मोठंच झालं होतं. आता फक्त 'माझी हिंमत झाली नाही' एवढं म्हणायचं बाकी होतं.

पण वस्ताद निलेशकडे चालत गेले आणि त्यांनी माइक मागितला. निलेशने हसत हसत दिला.

"टाळ्या वाजवू नका," वस्ताद म्हणाले. हलगी अडखळली. "अंबिकेने शब्द दिला की नाही, ते मला ठाऊक नाही. मला ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. कोणाला कळू दिलं नाही. काल सरावाला अंदाजाने वार केला, पाटाचा कोपरा उडवला. लाकूड होतं म्हणून चाललं."

निलेशचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, पुरे..." तो पुटपुटला, ते त्यांना अर्थातच ऐकू गेलं नाही. त्यांनी माइक त्याच्या हातात ठेवला आणि ते चटईपाशी परत आले. गुडघ्यांवर जोर देत अंबिकेसमोर खाली बसले आणि उजवा कान तिच्या तोंडाजवळ आणला.

"आता सांग गो. दिला होतास?"

"नाही, वस्ताद."

"का?"

खोटं बोलायचं सकाळपासून ठरवलं होतं, पण त्या सुरकुतलेल्या कानासमोर ते येईना. "तुम्हाला कळलं होतं ना, की मला कळलंय? तुमचं नाव लोकांत पडू नये म्हणून. मी गप्प राहिले की तुम्ही पट्टा खाली घ्याल, असं वाटलं. मग इथे झोपल्यावर वाटलं की नाही घेणार. अंदाजाने माराल."

"मारणारच होतो," वस्ताद म्हणाले.

"मग थांबलात कसे?"

"हात सुटला होता माझा. बघितलंस ना तू." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, नवी लेन्स घातलेले, स्वच्छ डोळे. "एवढी वर्षं तू झोपायचीस, तेव्हा शब्दाच्या आधी तुझा श्वास ऐकू यायचा माका. वर, खाली. त्याच्यावरच मी गळा धरायचो. आज हात खाली आला नि जाणवलं, श्वास नाही. कालपण नव्हता. समोर माणूस आहे की पाट, तेच कळत नव्हतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उजव्या हाताला अजून लोखंडी मूठ होती, त्यामुळे डावा ठेवला. "आणि खुळे, तुला सगळं ठाऊक होतं तरी झोपलीस?"

"मी नसते झोपले तर श्रेया झोपली असती."

वस्तादांनी लांब उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अंबिकेने त्यांना आजवर अनेकदा हरताना पाहिलं होतं, कुस्तीत, संपात, बायको गेली तेव्हा. असं मान खाली घातलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला रडू फुटलं.

गर्दी मात्र गर्दीच असते. कोणीतरी मागून ओरडलं, "वस्ताद, लिंबू राहिलं!" लगेच चार आवाज उठले. "अंबिकाताई कापेल! आता तीच वस्ताद!" वस्तादांनी मान वर केली. आवाज नीट कळले नसले तरी लोकांना काय हवं ते त्यांना कळलं. त्यांनी मुठीचे बंद सोडले, हात बाहेर काढला आणि पट्टा अंबिकेसमोर धरला. मग तिच्या हातातलं लिंबू घेतलं आणि चटईवर आडवे व्हायला लागले.

"मी झोपतो. तू चालव. शब्द मी देतो, माझं तोंड शाबूत आहे अजून."

हलगी पुन्हा वाजायला लागली. लोक उठून उभे राहिले. म्हाताऱ्याने फेटा काढून उशाशी ठेवला, लिंबू गळ्यावर ठेवलं आणि डोळे मिटले. अंबिकेने पट्ट्यात हात घातला. मूठ त्यांच्या हाताने गरम होती. तिने पातं वर उचललं आणि त्याच्या टोकाकडे पाहिलं. टोक थरथरत होतं. भीती अजून अंगातून गेली नव्हती, हात तिचा राहिला नव्हता. निलेशने काळं फडकं पुढे केलं. सगळं मैदान तिच्या नावाने ओरडत होतं. आत्ता एक घाव बरोबर बसला असता तर कट्ट्यावरच्यांची तोंडं कायमची बंद झाली असती.

तिने पातं खाली घेतलं. हलगीवाल्याला हाताने थांबवलं आणि निलेशकडून फडक्याऐवजी माइक घेतला.

"माझा हात थरथरतोय," ती म्हणाली. "आज लिंबू कापणार नाही. कोणीच नाही कापणार. घरी जा, सोनं वाटा."

लोकांत कुरकुर झाली. कोणी हसलं, कोणी "बघ, म्हटलं नव्हतं?" असं म्हणालं, आणि कुंपणावरची पोरं हिरमुसून उतरायला लागली. अंबिका चटईपाशी बसली आणि वस्तादांच्या उजव्या कानाशी वाकली. "उठा. आज नाही."

वस्तादांनी डोळे उघडले. कित्येक वर्षांत त्यांना मैदानात कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं, थरथरत्या पात्याकडे पाहिलं, आणि गळ्यावरचं लिंबू काढून तिच्या ओंजळीत ठेवलं.

"बरं, वस्ताद," ते म्हणाले, आणि उठून शिष्यांच्या रांगेत जाऊन बसले.